बालवयातील संगीतशिक्षण : निवड कशी करावी?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना या व्यासपीठावर उभे राहण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. या व्याख्यानमालेत आजवर अनेक विद्वानांनी तत्त्वचिंतन मांडले. मी विद्वान नाही आणि संगीतज्ञ तर मुळीच नाही. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला मी एक शिक्षक आहे. तरीही हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. रविवारी पाठशाळेत मुलांना सोडायला येणाऱ्या माता मला हमखास एक प्रश्न विचारतात : "सर, मुलाला गाण्याला घालू की तबल्याला? कुठला क्लास चांगला?" या प्रश्नाचे उत्तर देण्याचा जाणकाराचा अधिकार माझ्याजवळ नाही. मात्र दुसरा एक अधिकार आहे, तो चुकलेल्या पालकाचा. आज त्याच अधिकाराने बोलणार आहे.

एका पालकाची चूक

माझी कन्या आठ वर्षांची असताना आम्ही तिला संगीताच्या क्लासला घातले. शेजारची मुलगी जात होती, हे त्यामागचे पहिले कारण. मुलीच्या जातीला गाणे यावे, हे दुसरे. तिला गायला आवडते का, हा विचार आमच्या मनात आला नाही. आम्ही नवी पेटी घेतली. दरवर्षी परीक्षेचा अर्ज भरला. सहा वर्षांत ती प्रारंभिकपासून मध्यमा पूर्णपर्यंत पाच परीक्षा उत्तीर्ण झाली आणि पाचही प्रमाणपत्रे आमच्या बैठकीच्या खोलीत काचेत मढवून लागली. पाहुणे आले की मी तिला हाक मारत असे आणि ती मुकाट्याने येऊन एक छोटा ख्याल म्हणत असे. गाताना कुठे चुकली तर पाहुणे गेल्यावर मी तिला त्याबद्दल बोलत असे. दहावीच्या वर्षी क्लास थांबला, तो पुन्हा सुरू झाला नाही. पेटी पलंगाखाली गेली.

पुढे तिचे लग्न झाले, मुलगा झाला. एका दिवाळीत मी सहज म्हणालो, "अगं, नातवाला झोपवताना काहीतरी गुणगुणत जा की." ती काही क्षण गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, तोंड उघडलं की अजून समोर परीक्षक बसल्यासारखं वाटतं." मी तीस-बत्तीस वर्षे मुलांना शिकवले, पण माझ्या शिकवण्याचा इतका कठोर निकाल कुणी लावला नव्हता. माझ्या घरात पाच प्रमाणपत्रे आली आणि एक गाणे कायमचे गेले. यात तिच्या गुरुजींचा दोष नव्हता, परीक्षांचाही नव्हता. निवड करताना मी मुलीकडे पाहिलेच नाही, हा माझा दोष होता.

नातू सहा वर्षांचा झाला तेव्हा तीच लेक म्हणाली, "याच्यासाठी क्लास तुम्हीच शोधा. पण माझ्यासाठी शोधलात तसा नको." त्या शोधात जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

परंपरा काय सांगते?

आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात एक प्रसंग आहे. भगवान ऋषभदेव आपल्या अपत्यांना विद्या देतात. ब्राह्मीला लिपी, सुंदरीला अंकविद्या, भरताला अर्थशास्त्र आणि वृषभसेनाला गांधर्वशास्त्र, म्हणजे संगीताची विद्या. हा प्रसंग मी अनेकदा वाचला होता, पण त्यातले मर्म उशिरा ध्यानी आले. पित्याने सर्वांना एकच विद्या दिली नाही. ज्याची जशी धाटणी, तशी त्याला विद्या. शेजारच्या मुलीकडे पाहून आपल्या मुलीचा क्लास ठरवणारा मी या प्रसंगापासून किती दूर होतो!

संगीत हा आपल्या परंपरेला परका विषय नाही. दिगंबर परंपरेतील पार्श्वदेव यांनी 'संगीतसमयसार' हा संस्कृत ग्रंथ रचला आणि भारतीय संगीतशास्त्राचे अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. आपला परिसर तर संगीताच्या बाबतीत भाग्यवान. कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विद्या घेतली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. गाणे दरबारातून आणि मोजक्या घराण्यांतून बाहेर पडून सामान्य कुटुंबांतील मुलामुलींपर्यंत पोहोचले, त्यात या कार्याचा मोठा वाटा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. मिरजेतील तंतुवाद्यांच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे आणि सतारी घडवल्या आणि २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन त्या गल्लीत एक फेरी मारावी. भोपळा कसा कोरतात, घोडीवर तार बसवून तिची जवारी कशी काढतात, हे पाहणे हाही संगीताचा एक धडाच आहे. त्याला शुल्क लागत नाही.

आधी 'कशासाठी' हे ठरवावे

आजचे पालक क्लास शोधतात तेव्हा त्यांच्या मनात बहुधा तीन हेतू असतात. पहिला, बुद्धी तल्लख होईल. दुसरा, गुण मिळतील. तिसरा, नाव होईल.

पहिल्या हेतूविषयी सांगतो. १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. छत्तीस महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोझार्टची एक रचना दहा मिनिटे ऐकली आणि त्यानंतर आकृतींच्या एका चाचणीत त्यांना थोडे अधिक गुण मिळाले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्या प्रयोगात लहान मूल एकही नव्हते. तरीही त्यावरून 'संगीताने बाळ हुशार होते' असा व्यापार जगभर उभा राहिला. दुसरा हेतू गुणांचा. शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना दहावीला वाढीव गुणांची सवलत मिळू लागल्यापासून गुणांसाठी क्लास शोधणारे पालक वाढले. सवलत चांगली आहे, पण सहा वर्षांच्या बालकाचा सूर दहावीच्या गुणपत्रिकेला बांधणे म्हणजे रोप लावतानाच फळांचा भाव ठरवणे. तिसरा हेतू प्रसिद्धीचा. २००८-०९ साली दूरचित्रवाणीवर लहान मुलांच्या गायनस्पर्धेने घराघरांत वेड लावले होते, ते आपणांस स्मरत असेल. ती मुले खरोखर गुणी होती. मात्र आपण पडद्यावर निकाल पाहत होतो. त्यामागची वर्षे आपल्याला दिसत नव्हती.

मग संगीत कशासाठी? माझ्या अल्पमतीने त्याचे उत्तर साधे आहे. मुलाला ऐकता यावे. स्वतःचा आवाज ऐकता यावा, दुसऱ्याचा ऐकता यावा आणि दोहोंतील अंतर ओळखून ते शांतपणे कमी करता यावे. सूर लावणे म्हणजे याहून वेगळे काय आहे? ज्याला हे जमले त्याला पुढे मैफल मिळो न मिळो, त्याचे काही बिघडत नाही.

पहिला क्लास घरातच

'कोणत्या वयात सुरुवात करावी?' या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. कानाची सुरुवात पाळण्यातच होते. बैठक मारून शिकण्याची सुरुवात साधारण सहा-सात वर्षांनंतर बरी. जपानमधील व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (१८९८-१९९८) यांनी मातृभाषेच्या धर्तीवर संगीत शिकवण्याची पद्धत रूढ केली. मूल बोलायला शिकते ते व्याकरणाने नव्हे, ऐकून आणि घरच्यांच्या कौतुकाने. सूरही तसाच शिकावा, हे तिचे सूत्र. त्या पद्धतीत पालकही मुलाबरोबर बसतो.

हे सूत्र आपल्याला नवे वाटायला नको. आपल्या घरांत आजी सकाळी भक्तामर स्तोत्र म्हणते. ते वसंततिलका वृत्तात आहे. प्रत्येक चरणात चौदा अक्षरे, त भ ज ज ग ग असा गणांचा क्रम. आजीच्या मांडीवर बसलेल्या नातवाला गण ठाऊक नसतात, पण चौदा अक्षरांची ती चाल त्याच्या अंगात उतरते. कुठे थांबायचे, कुठे लांबवायचे, श्वास कुठे घ्यायचा, हे त्याला कळू लागते. लयीचा हा पहिला पाठ आहे आणि तो आपण विनामूल्य मिळत असताना हातचा घालवतो आहोत, कारण सकाळी आजीचा आवाज बंद करून आपण भ्रमणध्वनीवरचे ध्वनिमुद्रण लावतो. ध्वनिमुद्रण मुलासाठी थांबत नाही, आजी थांबते. मंदिरात पूजेच्या वेळी मुलांना मागे बसवण्याऐवजी पुढे, गाणाऱ्यांच्या शेजारी बसवावे, एवढी विनंती मी या निमित्ताने करतो.

गळा की वाद्य?

जाणकारांचे मत असे की, पुढे कोणतेही वाद्य घ्यायचे असले तरी आरंभी वर्षभर गळ्याने गावे. वाद्य बाहेर असते, गळा आत असतो. आत सूर नसेल तर बोटांना तो शोधता येत नाही. पण येथे एक सावधगिरी हवी. लहान मुलांचा आवाज, मुलगा असो वा मुलगी, उंच पट्टीचा असतो. साधारण काळी चारच्या आसपास तो मोकळा लागतो. गुरुजी पुरुष असतील आणि स्वतःच्या काळी एकमध्येच मुलांना गायला लावत असतील, तर मुलांचा आवाज खाली दबतो. उलट काही ठिकाणी मुलांकडून ओरडून गाऊन घेतात, तेही घातक. मुलग्यांचा आवाज पुढे बारा-चौदाव्या वर्षी फुटतो. त्या काळात त्यांना सक्तीने गायला लावू नये आणि 'याचा गळा गेला' म्हणून क्लासही बंद करू नये. त्या दिवसांत ऐकणे, ताल, एखादे वाद्य, यांवर भर देता येतो.

वाद्यांत पेटी सर्वांना सोपी वाटते, कारण पट्टी दाबली की सूर तयार मिळतो. हीच तिची सोय आणि हाच तिचा धोका. सूर आयता मिळाल्याने कानाला काम उरत नाही आणि मींड तर तिच्यातून निघतच नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केले होते, ते १९७१ साली काही प्रमाणात उघडले. त्या वादामागे हेही एक कारण होते. म्हणून पेटी वाईट ठरत नाही. गोविंदराव टेंब्यांनी याच पेटीला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. आरंभी मात्र मुलाने तानपुऱ्याबरोबर गावे आणि पेटी आधारापुरती असावी. सतारीच्या तारा कोवळ्या बोटांना कापतात, शिवाय तिचा आकारही मोठा. म्हणून नऊ-दहा वर्षांपर्यंत थांबणे श्रेयस्कर. बासरी घ्यायची तर छिद्रांवर बोटे पोहोचतील अशी लहान घ्यावी. व्हायोलिन मुलांच्या मापाचे मिळते. ज्या मुलाची बोटे सदा पाटावर, ताटावर, दप्तरावर वाजत असतात त्याला तबला द्यावा. त्याने निवड आधीच केलेली असते.

एक नाजूक प्रश्न

तबल्याचा विषय निघाला की आपल्या समाजातील काही कुटुंबे थबकतात आणि त्यांचे थबकणे मी समजू शकतो. तबल्याची पुडी आणि वादी चामड्याची असते. 'अहिंसेचे व्रत मानणाऱ्या घरात ते कसे ठेवावे?' असे एका मातेने मला विचारले. मी त्यांना धर्माज्ञा सांगू शकत नाही. तो अधिकार साधु-साध्वींचा. वस्तुस्थिती मात्र सांगावी. चामडे केवळ तबल्यात नसते; पेटीच्या भात्यातही बहुधा चामड्याच्या पट्ट्या असतात, व्हायोलिनच्या गजाला घोड्याचे केस असतात, जुन्या तानपुऱ्यांच्या घोड्या हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या असत. आज कृत्रिम पुडीचे तबले मिळतात, कृत्रिम केसांचे गज मिळतात, तानपुऱ्याच्या घोड्या लाकडाच्या अथवा कृत्रिम पदार्थाच्या करता येतात. नादात थोडा फरक पडतो, पण बालकाच्या पहिल्या वर्षांना तो आड येत नाही. आणि ज्याला कोणतीच शंका नको त्याच्यासाठी गळा आहेच. कुटुंबाने काहीही ठरवावे, पण प्रवेश घेण्यापूर्वी ठरवावे. मूल वर्षभर प्रेमाने तबला वाजवू लागल्यावर ते वाद्य काढून घेऊ नये. तीही एक हिंसाच आहे.

असाच वेळेचा प्रश्न. बहुतेक क्लास सायंकाळी साडेसहा-सातला असतात. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन होते तेथे मूल एक तर उपाशी जाते किंवा घाईने जेवून भरल्या पोटी गायला बसते. गळ्याला दोन्ही बरे नाही. गुरुजींना पहिल्याच दिवशी हे सांगावे. माझा अनुभव असा की, शाळा सुटल्यावरची किंवा रविवार सकाळची वेळ मागितली तर ती मिळते.

गुरू कसा निवडावा?

नातवासाठी मी तीन क्लास पाहिले. तिन्ही ठिकाणी तासभर मागे बसण्याची परवानगी मागितली.

पहिल्या ठिकाणी वीस-बावीस मुले होती. प्रत्येकापुढे कीबोर्ड आणि पट्ट्यांवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या. "तीन महिन्यांत चित्रपटगीत वाजवेल," असे आश्वासन मिळाले. ते खरेही झाले असते. पण चिठ्ठ्या काढल्यावर काय, हे मला कळले नाही.

दुसऱ्या ठिकाणचे गुरुजी विद्वान होते. मुले रागाचा थाट, वादी-संवादी, गानसमय धडाधड सांगत होती. मी गणिताचा शिक्षक असल्याने घड्याळाकडे पाहण्याची सवय आहे. चाळीस मिनिटांत मुलांनी प्रत्यक्ष गायले ते दहा मिनिटांहून कमी. माझ्या लेकीचे बालपण मला तेथे पुन्हा दिसले.

तिसरी जागा माडीवरची लहानशी खोली होती. सहा मुले. बाईंनी मुलांसमोर तानपुरा लावला आणि प्रत्येक तार लावताना "आता लागली का?" असे मुलांनाच विचारले. एका मुलाचा 'सा' काही केल्या लागेना. मला वाटले, आता त्या रागावतील. त्यांनी उलट तो मुलगा जो सूर लावत होता तोच सूर स्वतः लावला. मुलाचा चेहरा उजळला, कारण कुणीतरी त्याच्या सुरात आले होते. मग बाई हळूहळू वर सरकल्या आणि मुलगा त्यांच्याबरोबर सरकत योग्य जागी आला. मी पस्तीस वर्षांपूर्वी शिक्षणशास्त्राची पदवी घेतली होती. शिक्षण म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिले.

बाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिले सहा महिने वही नाही. परीक्षेचा विचार दोन वर्षांनंतर आणि तोही मुलाने विचारले तर. आणि आठवड्यातून एकदा आई किंवा वडिलांनी क्लासमध्ये बसायचे. आम्ही तेथेच नाव घातले.

परीक्षांना माझा विरोध नाही. पलुसकरांच्या शिष्यांनी उभ्या केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाने अभ्यासक्रमाची शिस्त दिली, गावोगावच्या गुरुजनांना उभे केले. परंतु परीक्षा हा मैलाचा दगड आहे. मैलाच्या दगडासाठी कुणी चालत नाही. चालताना तो लागतो.

घरच्या रियाजाबाबत एवढेच सांगतो. रोज एकाच वेळी पंधरा मिनिटे, तेवढी पुरेत. तानपुऱ्यासाठी भ्रमणध्वनीवरील सोय चालते. पहिल्या वर्षी नवे वाद्य घेऊ नये. मूल गात असताना दूरदर्शन संच बंद ठेवावा आणि त्याच्या गाण्यावर मत देऊ नये. पाहुण्यांपुढे गायला लावू नये. त्याने आपणहून गायले तर मन लावून ऐकावे.

एक विनंती

आपल्या समाजातील कितीतरी घरांत माझ्या घरासारखी एक पेटी पलंगाखाली किंवा माळ्यावर पडून आहे. न वाजवता ठेवलेल्या पेटीचा भाता कोरडा पडून फुटतो, सुरांना गंज चढतो. अपरिग्रहाचा विचार सांगणाऱ्या समाजात नादाचा असा साठा कशासाठी? माझी विश्वस्त मंडळाला विनंती आहे की, सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून येथे एक वाद्यसंग्रह सुरू करावा. पडून असलेली वाद्ये जमा करावीत, दुरुस्त करून घ्यावीत आणि ज्यांना परवडत नाही त्या मुलांना वर्षभरासाठी वापरायला द्यावीत. मग ती मुले आपल्या समाजाची असोत वा नसोत.

आमची पेटी आज मी बरोबर आणली आहे. देण्यापूर्वी लेकीला विचारणे भाग होते, कारण ती पेटी तिची आहे. ती म्हणाली, "द्या. पण आधी दोन दिवस माझ्याकडे पाठवा." दोन दिवसांनी मी पेटी आणायला गेलो तेव्हा दार लोटलेले होते. आत नातू आणि त्याची आई 'सा' लावत होते. मी दारातच थांबलो. ती चुकली का, कुठे चुकली, हे मी या वेळी ऐकले नाही. थोड्या वेळाने आवाज थांबला, तेव्हा मी दार वाजवले.